सत्तेचाळीस विजय आणि एक पराभव

विजयांची मोजदाद करणे सोपे असते. विजय कशाच्या बळावर मिळाला आणि तो मिळविणाऱ्याच्या पदरी अखेर काय उरले, हा हिशेब मात्र तितका सोपा नसतो. अमेरिकेतील ओक्लाहोमा विद्यापीठाच्या फुटबॉल संघाने १९५० ते १९५९ या दहा वर्षांत जे यश संपादन केले, त्याचा विचार या दृष्टीने करण्यासारखा आहे. १० ऑक्टोबर १९५३ पासून पुढे चार वर्षांहून अधिक काळ विद्यार्थ्यांच्या या संघाने एकही सामना गमावला नाही. इतकेच नव्हे, तर एकही सामना बरोबरीत सुटू दिला नाही. लागोपाठ ४७ विजय! अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलच्या सर्वांत वरच्या वर्गात हा आकडा आजतागायत कोणासही गाठता आलेला नाही.

हे यश जेथे घडले तो प्रांत काही वैभवाबद्दल प्रसिद्ध नव्हता. ओक्लाहोमा हे नावच मुळी तेथील चोक्टॉ जमातीच्या भाषेतील असून त्याचा अर्थ ‘तांबडे लोक’ असा आहे. मूळ रहिवाशांसाठी म्हणून राखलेली ही भूमी १८८९ मध्ये गोऱ्या वसाहतवाल्यांना खुली करण्यात आली. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी इशारा झाला की घोडे, गाड्या दौडवीत आत शिरावयाचे आणि जी जमीन प्रथम हाती लागेल ती आपली म्हणावयाची, असा तो विलक्षण प्रकार होता. इशारा होण्यापूर्वीच जे लबाडीने आत शिरले, त्यांना ‘सूनर’, म्हणजे आधी आलेले, असे नाव पडले. कालांतराने शिवीचा अभिमान झाला आणि विद्यापीठाच्या संघाने तेच नाव धारण केले. १८९० मध्ये नॉर्मन या गावी विद्यापीठ स्थापन झाले, आणि १६ नोव्हेंबर १९०७ रोजी ओक्लाहोमास स्वतंत्र राज्याचा दर्जा मिळाला.

त्यानंतर तीसच वर्षांत या राज्यावर मोठे संकट कोसळले. १९३० नंतरच्या अवर्षणात पश्चिमेकडील शेतांची माती वाऱ्याबरोबर उडून गेली आणि हजारो कुटुंबे बाडबिस्तरा घेऊन कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागली. जॉन स्टाइनबेक यांच्या १९३९ च्या कादंबरीने हे दैन्य जगापुढे मांडले, आणि ‘ओकी’ हा शब्द परक्या मुलखात हेटाळणीने उच्चारला जात होता. दुसरे महायुद्ध संपल्यावर विद्यापीठाच्या चालकांनी फुटबॉलकडे विशेष लक्ष पुरविले, त्यामागे खाली गेलेली मान पुन्हा ताठ व्हावी ही इच्छा होती.

हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून अगदी निराळा आहे. यात चेंडू लांबट असतो आणि तो पायाने लाथाडण्यापेक्षा हातात धरून धावण्याचेच काम अधिक. दोन्ही पक्षांचे अकरा अकरा गडी समोरासमोर उभे राहतात. शंभर यार्ड लांबीच्या मैदानात चेंडू प्रतिपक्षाच्या अंतिम रेषेपलीकडे न्यावयाचा असतो. मात्र ही मजल एका दमात मारावी लागत नाही. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले, की आणखी चार प्रयत्न पदरात पडतात. न सरकले तर चेंडू शत्रूच्या हवाली होतो. आट्यापाट्यांत जशी एकेक पाटी ओलांडीत जावयाचे, तसेच काहीसे हे. फरक एवढाच, की येथे पाटी धरणाऱ्याने नुसता हात लावून भागत नाही, धावणाऱ्यास अंगाखाली लोळवावे लागते. अंतिम रेषा ओलांडली की सहा गुण, आणि त्यानंतरचा चेंडू खांबांमधून लाथाडला की आणखी एक.

सामने शरद ऋतूत, बहुधा दर शनिवारी होत. एका संघाच्या वाट्यास मोसमात दहा सामने येत आणि निवडक संघांना नववर्षाच्या सुमारास ‘बाउल’ नावाचा एखादा सन्मानाचा सामना मिळे. या सर्वांत लक्षात ठेवण्याजोगा नियम निराळाच आहे. त्या काळी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघात खेळण्याची मुभा नव्हती. त्याला पुढील तीनच मोसम मिळत आणि नंतर तो पदवी घेऊन निघून जाई. म्हणजे दर तीन वर्षांनी संघ नखशिखान्त बदलत असे. ज्या ४७ विजयांची कीर्ती झाली, त्या सर्वांत खेळलेला असा एकही खेळाडू नव्हता, असूच शकत नव्हता. माणसे बदलत गेली आणि विजय मात्र टिकून राहिला. तेव्हा त्याचे रहस्य एखाद्या अलौकिक खेळाडूत नव्हे, तर माणसे गेल्यावरही मागे राहणाऱ्या एखाद्या गोष्टीत शोधले पाहिजे.

ती गोष्ट म्हणजे शिकविण्याची पद्धती. संघाचे प्रशिक्षक चार्ल्स ‘बड’ विल्किन्सन यांचा जन्म १९१६ चा. मिनेसोटा विद्यापीठाकडून ते स्वतः खेळले होते. नंतर सिरॅक्यूझ विद्यापीठात इंग्रजीचे अध्ययन करून त्यांनी उच्च पदवी घेतली. महायुद्धात नौदलात असताना १९४३ मध्ये आयोवातील शिक्षणकेंद्रावर त्यांची डॉन फॉरो यांच्याशी गाठ पडली. फॉरो हे मिझुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक. ‘स्प्लिट टी’ नावाची नवी रचना त्यांनी दोनच वर्षांपूर्वी बसविली होती. ती शिकणाऱ्यांत विल्किन्सन यांच्याबरोबर जिम टेटम हेही होते. १९४६ मध्ये टेटम ओक्लाहोमाचे मुख्य प्रशिक्षक झाले आणि विल्किन्सन त्यांचे साहाय्यक. वर्षभराने टेटम मेरीलंडला निघून गेले आणि अवघ्या तिसाव्या वर्षी विल्किन्सन यांच्याकडे मुख्य सूत्रे आली.

या रचनेचे मर्म थोडक्यात असे, की पुढच्या फळीतील गड्यांनी एकमेकांस खेटून न राहता मध्ये अंतरे ठेवावयाची. समोरच्या बचाव करणाऱ्यांनाही त्यामुळे पांगावे लागते आणि त्यांच्या भिंतीत आपोआप फटी पडतात. मग चेंडू हाती असलेला क्वार्टरबॅक फळीच्या मागून बाजूस सरकत जातो आणि समोरचा गडी काय करतो ते पाहून निर्णय घेतो. तो गडी आपल्या अंगावर आला तर चेंडू साथीदाराकडे टाकावयाचा. साथीदाराकडे वळला तर चेंडू स्वतःच घेऊन पुढे घुसावयाचे. बचाव करणाऱ्याने काहीही केले तरी ते चुकीचे ठरावे, अशी ही युक्ती आहे. ती साधण्यासाठी राक्षसी बळ लागत नाही. पण डोळा, पाय आणि निर्णय एका क्षणी जुळावे लागतात, आणि ते तालमीखेरीज जुळत नाहीत.

दशकाचा आरंभ दिमाखदार झाला. १९४८ पासून चालत आलेली विजयांची साखळी १९५० च्या मोसमाअखेर ३१ सामन्यांची झाली आणि वृत्तपत्रकारांच्या मतदानात ओक्लाहोमास राष्ट्रातील पहिले स्थान मिळाले. परंतु १ जानेवारी १९५१ रोजी शुगर बाउलच्या सामन्यात केंटकीने ओक्लाहोमाचा १३-७ असा पराभव केला. मतदान त्या काळी बाउलच्या सामन्यांपूर्वीच होत असल्याने अग्रपद कायम राहिले, साखळी मात्र तुटली. १९५१ मध्ये आठ विजय व दोन पराभव, १९५२ मध्ये आठ विजय, एक पराभव व एक बरोबरी, असा पुढील दोन वर्षांचा जमाखर्च आहे. १९५२ मध्ये बिली व्हेसल्स या धावपटूस हाइझमन पारितोषिक मिळाले. ओक्लाहोमाच्या वाट्यास हा मान प्रथमच आला होता.

१९५३ चा मोसम पराभवानेच उघडला. नोत्र दाम विद्यापीठाने २८-२१ असा विजय मिळविला. पुढच्या आठवड्यात पिट्सबर्गशी ७-७ अशी बरोबरी झाली. दोन सामने होऊन गेले तरी विजय नाही, अशा अवस्थेत संघ डॅलसला टेक्सास विद्यापीठाशी खेळावयास गेला आणि १९-१४ असा जिंकला. त्या विजयाच्या पोटी आणखी सेहेचाळीस विजय आहेत, हे त्या दिवशी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. मोसमाची अखेर ऑरेंज बाउलमध्ये झाली. समोर अग्रस्थानी असलेला मेरीलंडचा संघ होता आणि त्याचे प्रशिक्षक होते तेच जिम टेटम. एकाच गुरूचे दोन शिष्य समोरासमोर उभे राहिले. ओक्लाहोमाने सामना ७-० असा घेतला.

१९५३ चे नऊ विजय, १९५४ चे दहा, १९५५ चे अकरा, १९५६ चे दहा आणि १९५७ चे सात, अशी सत्तेचाळिसांची बेरीज होते. १९५३ मध्ये खेळाचा एक नियम बदलला होता. चढाईसाठी एक अकरा आणि बचावासाठी दुसरे अकरा अशी सरसकट अदलाबदल बंद झाली; मैदानातून बाहेर गेलेल्या गड्यास सहजासहजी परत येता येईना. प्रत्येकास दोन्ही कामे करणे भाग पडले. विल्किन्सन यांनी या अडचणीचेच भांडवल केले. त्यांनी जवळजवळ तुल्यबळ असे दोन पूर्ण संघ तयार केले आणि ते आळीपाळीने मैदानात उतरविले. प्रतिपक्षाचे अकरा गडी घामाघूम झालेले असताना त्यांच्यापुढे ताज्या दमाचे अकरा येऊन उभे राहत. त्यात भर म्हणून एक चाल संपली न संपली तोच दुसरी सुरू करावयाची, समोरच्यास श्वास घेण्यास फुरसत द्यावयाची नाही, हा १९५५ मधील त्यांचा शिरस्ता होता. त्या मोसमाच्या ऑरेंज बाउलमध्ये टेटम यांचा मेरीलंड संघ पुन्हा समोर आला. अर्ध्या वेळेस तो ६-० असा पुढे होता. शेवटी २०-६ असा हरला. या पद्धतीचा आणखी एक गुण असा, की दुसऱ्या फळीतले विद्यार्थी बाकावर बसून न राहता खरोखरीच्या सामन्यात शिकत. वरचे पदवी घेऊन गेले की त्यांच्या जागी नवशिके नव्हे, तर अनुभवी येत.

१९५६ चा संघ या सर्वांचा कळस होय. दहा सामन्यांत त्याने ४६६ गुण केले आणि केवळ ५१ गुण दिले. टेक्सासचा ४५-० आणि नोत्र दामचा, त्यांच्याच मैदानावर, ४०-० असा पराभव झाला. कोलोरॅडोच्या संघाने मात्र अर्ध्या वेळेपर्यंत १९-६ अशी आघाडी घेऊन सर्वांच्या तोंडचे पाणी पळविले होते. तोही सामना २७-१९ असा जिंकला गेला. चणीने लहान पण पायांनी चपळ असा टॉमी मॅक्डॉनल्ड आणि फळीच्या मध्यभागी उभा राहणारा जेरी टब्स हे या संघाचे दोन आधारस्तंभ. १९५४ ते १९५६ हे त्यांचे तीन मोसम. त्या तीन वर्षांत संघ ३१ सामने खेळला आणि ३१ जिंकला. महाविद्यालयात पराभव म्हणजे काय, हे या पिढीस ठाऊकच नव्हते.

अशा यशाची दुसरी बाजूही असते. विद्यापीठाचे अध्यक्ष जॉर्ज लिन क्रॉस हे वनस्पतिशास्त्राचे पंडित. विद्यापीठासाठी पैसा मागताना राज्याच्या प्रतिनिधींपुढे ते म्हणाले, की फुटबॉल संघास अभिमान वाटावा असे विद्यापीठ आपणास उभारावयाचे आहे. हा विनोद देशभर गाजला, परंतु त्याच्या पोटात कळ होती. संस्थेने खेळाची शोभा वाढवावी की खेळाने संस्थेची, हा प्रश्न त्यात होता. १९५५ मध्ये महाविद्यालयीन खेळांच्या मध्यवर्ती मंडळाने ओक्लाहोमास, खेळाडूंना नियमाबाहेर साहाय्य दिल्याबद्दल, दोषी धरून ताकीद दिली; आणि त्याच वर्षी संघ पुन्हा राष्ट्रात पहिला आला. क्रॉस यांच्या विनोदाचे उत्तर कोणास हवे होते, ते यावरून कळते.

याहून मोठा प्रश्न मैदानावर कोणी उभे राहावे हा होता. ज्या विद्यापीठाचा संघ राष्ट्रात पहिला आला, त्याच विद्यापीठात जॉर्ज मॅक्लॉरिन या प्रौढ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यास वर्गाबाहेरच्या लहानशा दालनात बसून व्याख्यान ऐकावे लागले होते; ग्रंथालयात त्याचे टेबल वेगळे आणि भोजनगृहात त्याची जागाही वेगळी. ५ जून १९५० रोजी सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला, की ही वागणूक समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध आहे. वर्गाची दारे न्यायालयाने उघडली. फुटबॉल संघाची दारे मात्र त्यानंतरही सहा वर्षे तशीच राहिली.

ती १९५६ मध्ये उघडली. प्रेंटिस गॉट हा ओक्लाहोमा सिटी येथील तरुण त्या वर्षी विद्यापीठात दाखल झाला. त्याच्या शिक्षणाचा आरंभीचा खर्च कृष्णवर्णीय डॉक्टर व औषधविक्रेते यांच्या एका मंडळाने वर्गणी काढून उचलला आणि पुढे विल्किन्सन यांनी त्यास संघाची शिष्यवृत्ती दिली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांचा संघ टल्सा येथील सामना आटोपून एका उपाहारगृहात गेला असता, गॉट यास इतरांबरोबर बसता येणार नाही असे सांगण्यात आले. तेव्हा सारा संघ न जेवताच उठून बाहेर पडला. ही मुले कोवळ्या वयाची होती, दिवसभर खेळून भुकेली होती आणि त्यांना कोणी तसा हुकूम दिला नव्हता. त्या दिवशीचे गुण फलकावर कोणी मांडून ठेवले नाहीत. परंतु त्या दशकातील ओक्लाहोमाच्या विजयांत या विजयाची गणना केल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

१६ नोव्हेंबर १९५७. राज्याच्या स्थापनेस त्या दिवशी बरोबर पन्नास वर्षे पूर्ण होत होती. सोहळ्याला शोभेल असा पाहुणा नॉर्मनला आला होता तो नोत्र दाम, ज्याने चार वर्षांपूर्वी ओक्लाहोमास शेवटचे हरविले होते तोच. आदल्या वर्षीचा ४०-० हा आकडा सर्वांच्या स्मरणात होता. पैज लावणारे नोत्र दाम अठरा गुणांनी हरेल असे धरून चालले होते. साठ हजारांहून अधिक प्रेक्षकांपुढे सामना सुरू झाला आणि एका गुणावाचून तीन चतुर्थांश वेळ सरली. अखेरच्या भागात नोत्र दामने स्वतःच्या बाजूकडून चेंडू घेऊन ऐंशी यार्डांची संथ, चिवट चाल केली. वीस वेळा फळी भिडली. शेवटी चौथा प्रयत्न आणि रेषा तीन यार्डांवर, असा प्रसंग आला. ओक्लाहोमाचे सर्व गडी मध्यभागी दाटले. चेंडू उजवीकडे डिक लिंच याच्या हाती पडला आणि तो मोकळ्या जागेतून रेषेपार गेला. चार मिनिटांहूनही कमी वेळ उरला होता. सामना ७-० असा संपला. १२३ सामन्यांनंतर प्रथमच ओक्लाहोमाच्या खाती एकही गुण पडला नव्हता. सामना संपल्यावरही कित्येक प्रेक्षक जागेवरून उठले नाहीत, काही बोललेही नाहीत. पराभव झाल्यावर काय करावयाचे असते, याचा त्यांना विसरच पडला होता.

संघास मात्र तसा विसर पडला नव्हता. उरलेले सामने त्याने जिंकले आणि ऑरेंज बाउलमध्ये ड्यूकचा ४८-२१ असा पराभव केला. १९५८ मध्येही दहा विजय आणि एकच पराभव झाला. तो पराभव टेक्सासने १५-१४ असा अवघ्या एका गुणाने केला. टेक्सासचे प्रशिक्षक होते डॅरेल रॉयल, विल्किन्सन यांच्याच हाताखाली खेळून तयार झालेले क्वार्टरबॅक. १९५९ मध्ये तीन पराभव झाले. ३१ ऑक्टोबरला नेब्रास्काने २५-२१ असा विजय मिळवून, आपल्या प्रादेशिक गटात ७४ सामने अजिंक्य राहण्याचा ओक्लाहोमाचा विक्रमही संपविला. नेब्रास्काचे प्रशिक्षक बिल जेनिंग्ज हेही ओक्लाहोमाचेच जुने खेळाडू आणि विल्किन्सन यांचे एकेकाळचे साहाय्यक. शिष्याकडून पराभव व्हावा अशी इच्छा गुरूने धरावी, असे आपल्याकडे म्हणतात. विल्किन्सन यांनी ती धरली असेल असे नाही. पण जी विद्या फॉरो यांच्याकडून त्यांच्याकडे आली, ती त्यांच्यापाशीच थांबून राहणे शक्य नव्हते. फॉरो यांच्या मिझुरी संघाला तरी आपल्याच शिष्याकडून दरवर्षी हार खावी लागली होती. विद्येचा हा धर्मच आहे, की ती देणाऱ्याकडे कर्ज म्हणून परत येते.

या उतरत्या वर्षांतच गॉटचा खेळ बहरला. १ जानेवारी १९५९ रोजी ऑरेंज बाउलमध्ये सिरॅक्यूझविरुद्ध सामना सुरू होतो न होतो तोच त्याने बेचाळीस यार्ड धावून रेषा ओलांडली. ओक्लाहोमाने सामना २१-६ असा जिंकला आणि सामन्यातील सर्वोत्तम खेळाडूचा मान गॉट यास मिळाला. पुढे काही वर्षे व्यावसायिक संघांतून खेळल्यावर त्याने मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळविली आणि महाविद्यालयीन खेळांच्या प्रशासनात आयुष्य वेचले. २००५ मध्ये त्याचे निधन झाले. ज्या विद्यापीठात मॅक्लॉरिनला दाराबाहेर बसविले होते, तेथे खेळाडू-विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी असलेल्या केंद्रास आज गॉटचे नाव आहे.

सत्तेचाळीस हा आकडा कधी काळी कोणी तरी ओलांडील. विक्रम त्यासाठीच असतात. परंतु तो आकडा ज्यांनी उभारला त्यांच्यापैकी प्रत्येकाच्या वाट्यास तीनच वर्षे आली होती, आणि त्या तीन वर्षांत आपल्यानंतर येणाऱ्यास जागा करून देणे हेच त्यांच्या यशाचे खरे रहस्य होते. अशी जागा दुसऱ्या फळीतील विद्यार्थ्यास मिळाली म्हणून विजय टिकला. ती गॉटसारख्या तरुणास मिळाली म्हणून त्या विजयास किंमत आली.